गंजलेली जीप, चासीपासून वर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी टपालात निम्म्याहून जास्त पत्रे एकाच गाडीबद्दल आली: उंच बॉनेटची पेट्रोल जीप, सीजे-३बी. अमेरिकेत टोलेडोला विलीजने ती १९५३ ते १९६८ या काळात बनवली. आपल्याकडे महिंद्रने त्यानंतरही बरीच वर्षे बनवली. त्यामुळे वाड्याच्या मागे, गोठ्याशेजारी, आंब्याखाली ती अजून सापडते. तिचे बॉनेट उंच आहे ते दिसण्यासाठी नव्हे. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिनच उंच झाले. खालची सगळी मापे या आखूड चासीच्या पेट्रोल गाडीची आहेत. लांब चासी किंवा डिझेल असेल तर त्या गाडीची पुस्तिका पाहावी.

प्रश्न: अठरा वर्षे आवारात उभी असलेली जीप पूर्ण उघडून करायची आहे. मेकॅनिक म्हणतो, आधी इंजिन चालू करून बघू. डेंटर म्हणतो, आधी टब (चासीवरची पत्र्याची बॉडी) उतरवू. सुरुवात कोणापासून करावी? (एक वाचक, चिपळूण)

दोघांच्याही आधी मोजपट्टी आणि ओळंबा. गाडी जोडलेली असतानाच मापे घ्या. एकदा उघडली की कोणते वाकडेपण चासीचे आणि कोणते टबाचे, हे कळायला मार्ग उरत नाही.

सपाट कोब्यावर गाडी उभी करून चाकांच्या हवा सारख्या करा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा. तो ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी यायला हवा. दोन बाजूंत एक सुतापेक्षा (इंचाचा आठवा भाग) जास्त फरक असेल तर पाट्याचा (स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलेला असू शकतो, किंवा चासीच वाकलेली असू शकते. सेंटर बोल्ट आधी पाहा, ते काम स्वस्तातले आहे. मग बॉनेट आणि काउल (विंडशील्डखालचा पत्रा), काउल आणि विंडशील्ड, टेलगेट आणि टब यांमधल्या फटी चारही टोकांना मोजून वहीत लिहा.

त्यानंतर फोटो. प्रत्येक ब्रॅकेटचे, प्रत्येक वायरच्या वळणाचे, ब्रेक पाइप चासीवर कुठे क्लिप केले आहेत त्याचे. बोल्ट डब्यात एकत्र टाकू नका. झिपच्या पिशव्यांत भाग-भाग वेगळे ठेवा आणि कागदाची चिठ्ठी आत टाका. मार्करने बाहेर लिहिलेले डिझेलच्या हातांनी दोन दिवसांत पुसले जाते. गंजून हातात तुटलेला बोल्टही जपून ठेवा, लांबी आणि आटे त्यावरूनच कळणार आहेत. या गाडीवर बहुतेक आटे इंची आहेत. मिलिमीटरचा बोल्ट चार फेरे बसतो आणि पाचव्याला नटाचे आटे खातो.

इंजिनाबद्दल मेकॅनिकचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ते फिरते का, एवढेच आता पाहा. चालू करायची घाई नको.

प्रश्न: मागचा क्रॉस मेंबर हाताने तुटतो. डाव्या मागच्या पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा चासीला टांगतो तिथे, चासीला भोक आहे. वेल्डिंगवाला म्हणतो, वरून प्लेट मारून देतो. मारावी का? (एक शेतकरी वाचक, मिरज)

वरून प्लेट मारू नका. गंजलेल्या पत्र्यावर चांगला पत्रा ठेवला की मध्ये पाणी साठवायची जागा तयार होते. शिवाय वेल्ड पकडतो तो पातळ झालेल्या जुन्या पत्र्याच्या कडेला, म्हणून तडा त्याच कडेने जातो. तुमच्या चासीला भोक पडले तेही बहुधा दुहेरी पत्र्याच्या जागीच असेल. कंपनीने मजबुतीसाठी जिथे आतून दुसरी पट्टी दिली, तिथेच चिखल अडकतो.

आधी चासी उघडी करून खरे नुकसान किती ते ठरवा. गोल तोंडाच्या हातोडीने दर दोन इंचांवर ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. भद्द वाजेल तिथे जुन्या पेचकसाने जोर लावून टोचा. शंका असेल तिथे ६ मिमीचे भोक पाडून कॅलिपरने जाडी मोजा आणि न गंजलेल्या भागाच्या जाडीशी ताडा. चौथा हिस्सा जाडी गेली असेल तर तो तुकडा कापायचा, असा आमचा हिशेब आहे. जास्त तपासण्याच्या जागा: चारही हँगर आणि शॅकलची टोके, मागचा क्रॉस मेंबर, बॅटरीखालची पट्टी (तिथे पाण्यासोबत अ‍ॅसिडही गळलेले असते), स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि गिअरबॉक्सखालच्या आडव्या मेंबरची टोके.

कापण्याआधी चासी चार घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून लेव्हल करा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी यासाठी कोणत्याही महाग यंत्राइतकी चालते. दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांतून ओळंबे सोडून कोब्यावर खुणा करा: पुढच्या पाट्याचे बोल्ट, मागच्या शॅकलचे बोल्ट, टबाचे माउंटिंग. चासी बाजूला सरकवून खुणांची तिरकी मापे घ्या. दोन तिरक्यांत ३ मिमीपर्यंत फरक चालतो. ६ मिमीच्या वर गेला तर आधी चासी सरळ करणाऱ्याकडे न्या आणि मग वेल्डिंग करा. वाकडी चासी वेल्ड केली तर वाकडेपण कायमचे होते.

आता दुरुस्ती. हँगरच्या दोन्ही बाजूंना अँगल टाकून चासीचे दोन दांडे एकमेकांना टॅक करा, नाहीतर तुकडा काढताच दांडा उघडतो. सडका भाग चमकदार धातू लागेपर्यंत मागे कापा. काप दांड्याला सरळ आडवा घेऊ नका, तिरका घ्या. आडवा वेल्ड नेमका वाकण्याच्या ताणावर येतो. नवा तुकडा मूळ जाडीचाच घ्या. ‘मजबूत व्हावे’ म्हणून दुप्पट जाड घातला की तिथला भाग वाकत नाही आणि त्याच्या शेजारचा तुटतो. कडांमध्ये दीड ते दोन मिमी फट ठेवा, म्हणजे वेल्ड आरपार जातो. एका दमात लांब वेल्ड ओढू नका. २५ मिमीचा टाका इकडे, पुढचा समोरच्या बाजूला, हाताला सोसेल इतके थंड झाल्यावर तिसरा. पाणी टाकून थंड करणे बंद. दर चार-पाच टाक्यांनी तिरके माप पुन्हा घ्या.

मूळ क्रॉस मेंबर रिवेटने बसवलेले असतात. रिवेटभोवती तांबूस ओघळ दिसत असेल तर तो सैल आहे, डोके कितीही घट्ट दिसो. डोके ग्राइंड करा, मधोमध ड्रिल करा, पंचाने ठोकून काढा. गरम रिवेट मारणारा माणूस मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर भोक रीमरने बोल्टाच्या नेमक्या मापाला आणून ८.८ ग्रेडचा बोल्ट आणि लॉकनट लावा. बोल्टाचा बिनआट्यांचा भाग पूर्ण भोकात बसला पाहिजे. भोकात आटे आले तर थोड्याच महिन्यांत ते झिजतात आणि जोड खुळखुळू लागतो.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, हे वेल्डरला आधी सांगा. टाकी रिकामी आहे म्हणून चालत नाही. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. गाडीवरून उतरवून लांब ठेवा.

प्रश्न: चासीला सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग करावे की हॉट डिप गॅल्व्हनायझिंग? आमच्याकडे खारे वारे आहेत. (एक वाचक, मालवण)

गॅल्व्हनायझिंग खाऱ्या हवेत खरोखर टिकते, पण चासी सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडते. बंद पोकळीत हवा किंवा ओल राहिली तर स्फोट होतो, म्हणून आधी प्रत्येक पोकळीला भोके पाडावी लागतात. जुन्या रिवेटच्या चासीला पीळ पडण्याचा धोकाही आहे. एकच गाडी करणाऱ्याला आम्ही तो सल्ला देत नाही. पावडर कोटिंग दिसायला सुंदर दिसते, पण एक दगड लागून टवका उडाला की गंज त्याच्या आतून सरकत जातो. वरून काही दिसत नाही आणि जागेवर दुरुस्तही करता येत नाही. मालवणात इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, हेच बरे. खरवडले तर ब्रशने लावता येते.

ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरणारा असेल तर त्याला काम देऊ नका. त्या धुळीने सिलिकोसिस होतो. फुप्फुस पुन्हा बरे होत नाही. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग मागा. चासी ब्लास्ट करायची; टबाचे मोठे सपाट पत्रे मात्र नाही, ते उष्णतेने आणि माऱ्याने फुगतात. आटे, बेअरिंगच्या जागा आणि चासी नंबर टेप व पत्र्याने झाकून घ्या.

पुढचा सगळा खेळ वेळेचा आहे. ब्लास्ट केलेले लोखंड उघडे असते आणि दमट हवेत तासाभरात त्यावर तांबूस झाक येते. म्हणून ब्लास्टिंग आणि प्रायमर एकाच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत. हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा ३ अंशही वर नसेल, तर रंगाखाली अदृश्य ओल राहते आणि सहा महिन्यांत फोड येतात. कोकणात याचा सरळ अर्थ असा, की जून ते सप्टेंबर हे काम करायचे नाही आणि हिवाळ्यातही भल्या पहाटे सुरू करायचे नाही.

स्प्रे करण्याआधी सगळ्या कडा, भोकांचे काठ आणि वेल्ड यांवर ब्रशने एक हात द्या. ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो, म्हणून कडेवर थर सर्वांत पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग प्रायमरचे दोन हात. डब्यावर लिहिलेल्या वेळेत पुढचा हात दिला नाही तर आधीचा ३२० च्या पेपरने घासावा लागतो, नाहीतर वरचा थर पापडासारखा निघतो. पीयू रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर तो थर पेंटरकडून करून घ्या.

पोकळ भागांच्या आत लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स मारा, पण हे सगळे वेल्डिंग आणि रंग संपल्यावर. पाणी निघायची मूळ भोके रंगाने बुजली असतील तर उघडा.

प्रश्न: गंज काढायला काकवीत भिजवतात, असे ऐकले. खरे की थट्टा? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

खरे आहे, आणि तुमच्या जिल्ह्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. काकवी किंवा पशुखाद्याची मळी एक भाग, पाणी नऊ भाग. ब्रॅकेट, शॅकल, पॅडल असे भाग त्यात एक ते तीन आठवडे पूर्ण बुडवून ठेवा. त्यातले पदार्थ गंजातले लोह धरून विरघळवतात. चांगल्या लोखंडाला फारसे खात नाहीत. आधी भागांवरचा रंग आणि ग्रीस काढा, नाहीतर द्रावण गंजापर्यंत पोचतच नाही. अ‍ॅल्युमिनियम, जस्त आणि डाय-कास्ट कार्ब्युरेटर त्यात टाकू नका, ते खाल्ले जातात. पिंपाला झाकण हवेच. आंबलेल्या द्रावणाचा वास शेजाऱ्यांशी संबंध बिघडवायला पुरेसा असतो, आणि मुंग्या-माश्या वेगळ्याच.

घाई असेल तर वीज वापरा. प्लास्टिकच्या पिंपात दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह वायर साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेसची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरते. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून उघड्यावर आणि विडी-सिगारेटपासून लांब. पाटे या पद्धतीने साफ करू नका: कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पाटा ठिसूळ होऊन पुढे खड्ड्यात तुटतो. पाट्यांना वायर ब्रशच योग्य.

प्रश्न: टबाचा फ्लोअर बदलला, तीन पावसाळ्यांत पुन्हा सडला. पत्रा खराब होता का? (एक वाचक, नाशिक)

पत्र्याला दोष देण्याआधी फ्लोअरखालच्या टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या पाहा. मूळ टबात या पट्ट्यांच्या पोकळीत लाकडाचे ठोकळे असतात. टबाचा बोल्ट आवळताना पट्टी चेपू नये म्हणून ते ठेवलेले. लाकूड पाणी पिऊन बसते आणि फ्लोअरला खालून सतत ओले ठेवते. वरून नवा पत्रा घातला आणि पट्ट्या जुन्याच राहिल्या, की पुन्हा तेच. तुमच्याकडेही बहुधा असेच झाले.

पट्ट्या १.६ मिमीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून वाकवून घ्या, फ्लोअर १.२ मिमीचा पुरतो. लाकूड घालायचेच तर वाळलेले सागवान घेऊन सहाही बाजूंनी इपॉक्सीत बुडवा; आमची पसंती मात्र बोल्टाच्या जागी वेल्ड केलेल्या पाइपच्या तुकड्याला आहे. त्याने पट्टी चेपत नाही आणि पाणीही धरून राहत नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांना पाणी निघायला वाट ठेवा.

जुना फ्लोअर कापण्याआधी टबाच्या आत दोन्ही बाजूंमध्ये फुलीच्या आकारात अँगल वेल्ड करा. फ्लोअर काढलेला टब पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा असतो, उचलताच तिरका होतो. आणि शेवटचा वेल्ड टब चासीवर ठेवून, रबर पॅड घालून, सगळे माउंटिंग बोल्ट हाताने बसवूनच करा. जमिनीवर पूर्ण केलेला टब चासीच्या भोकांवर बसत नाही, मग भोके लांबट केली जातात आणि गाडी आयुष्यभर कुरकुरते.

मूळ स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोके पाडून ४०-५० मिमी अंतराने प्लग वेल्ड करा. दोन पत्र्यांच्या मध्ये, वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर हवा. बाहेरून सीम सीलर. पुट्टी इपॉक्सीवरच आणि दोन-तीन मिमीच्या वर नाही. खोल खड्डा असेल तर तो ठोकून वर आणणे हे डेंटरचे काम आहे, पुट्टीचे नव्हे.

पंजाब-हरियाणाच्या बाजूला, विशेषतः डबवालीत, तयार टब मिळतात. पैसे देण्याआधी पत्र्याची जाडी आणि माउंटिंगच्या भोकांची अंतरे तुमच्या चासीवरून मोजून पाठवा.

प्रश्न: इंजिन जाम आहे. गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढली तर सुटेल, असे सगळे सांगतात. (एक वाचक, बेळगाव)

सुटेल, आणि सोबत रिंग व पिस्टनही सुटतील. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ५० मिली, अर्धे डिझेल अर्धे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) असे मिश्रण ओता. आठ दिवस राहू द्या. मग हँडलने थोडे पुढे, थोडे मागे. एका दिशेला जोर करून उपयोग नाही, मागेपुढे झुलवल्यानेच गंज मोकळा होतो. त्याआधी ब्लॉकच्या बाजूचे टॅपेट कव्हर उघडून पाहा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहेत आणि वर अडकून बसले की इंजिन फिरवल्याने खाली येत नाहीत; गाइडमध्ये तेल सोडून लाकडाच्या तुकड्याने हलके ठोकून खाली बसवावे लागतात.

फिरले तरी इतक्या वर्षांनी ते उघडणेच शहाणपणाचे. ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे वॉटर प्लग काढा. मागच्या सिलिंडरभोवती मूठभर गाळ निघाला तर नवल नाही. गाडी तापते ती त्याच्यामुळे, रेडिएटर मात्र उगाच बदलला जातो. बोअरचे मूळ माप ३.१२५ इंच. ओव्हरसाइज पिस्टन १०, २०, ३०, ४० थाउच्या (इंचाचा हजारावा भाग) टप्प्यांत येतात. आधी पिस्टन हातात घ्या, मग लेथवाल्याला तो देऊन त्या मापाने बोअर करायला सांगा. उलट केले तर बोअर झालेल्या मापाचा पिस्टन शोधत फिरावे लागते.

जोडताना लागणारे आकडे: हेड बोल्ट ६० ते ७० फूट-पाउंड, मेन बेअरिंग ६५ ते ७५, कनेक्टिंग रॉड ३५ ते ४५. थंड इंजिनावर इनटेक टॅपेटची फट ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. दोन्ही वेगळे आहेत, सवयीने सारखे ठेवू नका. पॉइंट गॅप ०.०२०, प्लग गॅप ०.०३०, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या बिंदूच्या) आधी ५ अंश.

प्रश्न: हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर हे इंजिन चालेल का? (एक वाचक, बारामती)

चालेल, पण रबर बदलून. पंपाचा डायफ्राम, होस आणि कार्ब्युरेटरची सुई-सील इथेनॉलला टिकणारी घ्या. टाकीतला जुना थर इथेनॉलने सुटतो आणि जेटमध्ये येतो, म्हणून टाकी आधी साफ करा आणि एक साधा फिल्टर लावा. मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. प्लग पांढरे दिसू लागले तर मेन जेट एक माप मोठा लावा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल हवेतले पाणी ओढते. दुसरी बाब: भारतात शिसे असलेले पेट्रोल २००० सालापासून बंद आहे, म्हणून ब्लॉक उघडलाच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या.

प्रश्न: ट्रान्स्फर केसमधून तेल गळते, गिअरबॉक्समधले तेल कमी होते आणि हँडब्रेक धरत नाही. तीन वेगळी कामे आहेत का? (एक वाचक, पुणे)

एकच आहे. टी-९० गिअरबॉक्स आणि स्पायसर १८ ट्रान्स्फर केस पाठीला पाठ लावून बसतात. मधले सील गेले की तेल एकातून दुसऱ्यात जाते. म्हणून एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त. जास्त झालेले तेल मागच्या आउटपुट सीलमधून बाहेर पडते. हँडब्रेकचा ड्रम नेमका तिथेच आहे, लायनिंग तेलात भिजते. नुसते लायनिंग बदलून काही होत नाही.

मधल्या इंटरमीजिएट शाफ्टचे टोक केसच्या बाहेर येते, तिथून गळणेही नेहमीचे. हा शाफ्ट वेगवेगळ्या वर्षी तीन जाडीत आला: पाऊण इंच, सव्वा इंचाला एक सूत कमी आणि सव्वा इंच. जुना मोजल्याशिवाय नवा मागवू नका. सील बसवण्याआधी योकचा (शाफ्टला जोडणाऱ्या तुकड्याचा) घासलेला भाग बोटाने तपासा. नख अडकेल इतकी चर असेल तर नवे सीलही आठवडाभरात गळेल, योक बदला किंवा स्लीव्ह घाला.

तेल एसएई ९०, पण जीएल-४ दर्जाचे. जीएल-५ मधली रसायने जुन्या पितळी सिंक्रो रिंगला हळूहळू खातात.

प्रश्न: ताशी ४० च्या वर स्टिअरिंग थरथरते. स्टिअरिंग बॉक्स घट्ट केला, फरक नाही. (एक वाचक, पणजी)

बॉक्स पुन्हा मूळ जागी सैल करा. घट्ट बॉक्स चाके आपोआप सरळ येऊ देत नाही, त्याने थरथर वाढते.

पुढचे चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली की सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते तो पिन). बेअरिंगचा नट चाक अडेपर्यंत आवळून सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. किंगपिनचे सील काढून, स्टिअरिंग आर्मच्या टोकाला स्प्रिंग काटा लावून ओढा. १२ ते १६ पाउंड, म्हणजे साडेपाच ते सात किलोच्या आसपास ताण लागला पाहिजे. कमी असेल तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढा, वर आणि खाली सारख्याच जाडीचे.

मग बेलक्रँकचा (स्टिअरिंगचा ओढा टाय रॉडकडे वळवणाऱ्या तुकड्याचा) पिन, टाय रॉडची टोके, शॅकलचे बुश. सगळ्यात शेवटी अलाइनमेंट: टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळणे) १.२ ते २.४ मिमी, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव) ३ अंश, कॅम्बर (चाकाचा वरून बाहेर झुकाव) दीड अंश. पाटे बसून गेले असतील किंवा उलटे बसवले असतील तर कॅस्टर कमी होतो, आणि तो टाय रॉडने सुधारत नाही.

प्रश्न: नवे मास्टर सिलिंडर, नवे व्हील सिलिंडर, तरी दहा किलोमीटरनंतर चारही ड्रम तापतात. (एक वाचक, ठाणे)

चारही एकदम तापतात, म्हणजे दोष चाकांत नाही. पेडल सोडल्यावर पुशरॉड आणि पिस्टन यांत फट राहिली पाहिजे. पेडलवर ती सुमारे अर्धा इंच मोकळी चाल म्हणून जाणवते. ती नसेल तर पिस्टन मागे पूर्ण येत नाही, मास्टरमधले बारीक परतीचे भोक झाकलेले राहते, तापून फुगलेले फ्लुइड परत जाऊ शकत नाही आणि ब्रेक स्वतःच लागत जातात. पुशरॉड आखूड करा. तरीही तापले तर पेडलचा शाफ्ट गंजून अडकत असेल. तो फ्लोअरखाली चिखलातच असतो.

हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत ते डावे मागचे. पाइप साध्या तांब्याचे नकोत, थरथरीने कडक होऊन तडकतात.

प्रश्न: डाव्या चाकांचे नट सुटतच नाहीत, दोन स्टड तुटले. (एक वाचक, अकोला)

उलट्या आट्यांचे आहेत. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर पाहा.

प्रश्न: आरसी जुनी आहे, गाडी ५० वर्षांवरची. विंटेज नोंदणी मिळेल का? आधीच्या मालकाने डिझेल इंजिन बसवले आहे. (एक वाचक, नागपूर)

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी चालते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी आणता येते. शेतावर रोज न्यायची असेल तर विंटेज नोंदणी घेऊ नका, साध्या आरसीचे नूतनीकरण करा.

तुमची खरी अडचण डिझेल इंजिन आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. त्यामुळे विंटेजचा विचार असेल तर मूळ पेट्रोल इंजिन आधी शोधा. आरसीवर आज कोणते इंजिन आणि कोणता इंधन प्रकार लिहिला आहे तेही पाहा. बदल नोंदलेला नसेल तर साधे नूतनीकरणही अडेल. चासी बदलायचीच वेळ आली तर कापण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्या.

आणि चासी नंबराच्या जागी ब्लास्टिंग, ग्राइंडर, पुट्टी यांपैकी काहीही नको. तिथला गंज हाताने, बारीक पेपर आणि तेलाने काढा, पेन्सिलने कागदावर ठसा घ्या, फोटो काढा आणि वर पारदर्शक लॅकर मारा.